फड : एका शब्दाची बखर

'फड' हा दोनच अक्षरांचा शब्द आहे. शहरात वाढलेल्या वाचकाला तो बहुधा गप्पांच्या संदर्भात भेटतो. रात्रीची जेवणे उरकली, पाहुणे ऐसपैस बसले, चहाची दुसरी फेरी झाली, की 'गप्पांचा फड रंगला' असे आपण सहज लिहून जातो. यापलीकडे या शब्दाचे काही मोठे कर्तृत्व असेल, असे आपल्या मनातही येत नाही. परंतु हाच शब्द बरोबर घेऊन आपण सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात, माळशिरस तालुक्यात, नीरा नदीच्या काठी वसलेल्या अकलूज या गावी गेलो, तर तो आपले खरे गणगोत दाखवू लागतो.

अकलूजच्या परिसरात 'फड कुठं हाय?' असे कोणी विचारले, तर उत्तर देण्यापूर्वी विचारणाऱ्याकडे नीट पाहावे लागते. त्याच्या हाती कोयता असेल, तर तो ज्या शेतात आज ऊसतोड चालू आहे त्या शेताचा पत्ता विचारीत आहे. त्याचे कान मोडलेले आणि मान भरलेली असेल, तर तो कुस्त्यांच्या मैदानाची वाट विचारीत आहे. त्याच्या गळ्यात तुळशीची माळ व खांद्यावर पताका असेल आणि महिना आषाढाचा असेल, तर पालखी सोहळ्यातील आपल्या महाराजांचा मुक्काम कोठे पडला, एवढेच त्याला हवे आहे. आणि विचारणारा थोडा इकडेतिकडे पाहून, आवाज खाली आणून विचारीत असेल, तर त्याला तमाशाच्या तंबूकडे जायचे आहे, हे गावातील लहान पोरही ओळखील.

चार माणसे, चार वाटा आणि शब्द मात्र एकच. हा निव्वळ योगायोग आहे काय? तसे मला वाटत नाही. या शब्दाच्या पोटात मराठी समाजाच्या गेल्या तीनशे वर्षांचा एक इतिहास दडलेला आहे. आणि तो इतिहास जितका रंजक, तितकाच आपल्याला थोडे अस्वस्थ करणारा आहे.

कोशकारांची साक्ष

प्रथम कोशकारांना विचारू. जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला आणि त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. त्या काळी लोकांच्या तोंडी असलेली मराठी टिपून ठेवण्याचे मोठे काम या कोशाने केले. त्यात 'फड' या शब्दापुढे अर्थांची जी रांग लागली आहे, ती पाहून आश्चर्य वाटते. न्यायकचेरी, पेढी, जकातीचे नाके, लिलावाची जागा हे सारे फड. जुगाराचा अड्डा, नाचगाण्याची बैठक हेही फड. शेतातील माल आणून ज्या ठिकाणी सरकारसारा ठरवावयाचा, ती जागाही फडच. मोठा कारखाना, छापखाना, जेथे म्हणून अनेक हात एकाच कामाला लागलेले असतील ती प्रत्येक जागा फड. ऊस, वांगी, मिरच्या यांचा मळा तो फड. खेळ करणाऱ्यांचा ताफा तो फड. एवढेच नव्हे, तर तोफ ज्यावर बसवावयाची त्या बैठकीलाही फड म्हणत. पुढे दाते व कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड सिद्ध केले, त्यांतही या शब्दाचा संसार असाच मोठा आहे.

हिंदीतही हा शब्द नांदतो आणि तेथील कोशकार त्याचे नाते संस्कृतातील 'पण' या शब्दाशी जोडतात. 'पण' म्हणजे पैज, डावावर लावलेले द्रव्य. ज्या ठिकाणी डाव मांडला जातो तो फड, मग डाव कवड्यांचा असो की व्यापाराचा. मध्य प्रदेश व छत्तीसगड या राज्यांत तेंदूची पाने गोळा करून मोजून घेण्याच्या जागेला आजही फड म्हणतात आणि तेथे वहीत नोंद करणाऱ्या माणसाला फडमुन्शी. जंगलातून पानांची पुडकी डोक्यावर घेऊन आलेल्या बाईच्या दृष्टीने तो फडमुन्शी म्हणजे जणू सरकारच. या फडमुन्शीला आपण लक्षात ठेवू. पुढे त्याची गाठ पडणार आहे.

हे सारे अर्थ एकमेकांशेजारी मांडून पाहिले, म्हणजे त्यांतील समान धागा दिसू लागतो. फड म्हणजे केवळ जागा नव्हे आणि केवळ जमावही नव्हे. बाजारात जमाव असतो, पण प्रत्येक जण आपापल्या वाटेने आलेला असतो. फडात अनेक माणसे एका कामासाठी एकत्र येतात, त्यांचा एक म्होरक्या असतो, काम करण्याची ठरलेली रीत असते, आणि शेवटी त्या कामाचा कस लागतो, त्याची मोजदाद होते. जागा, माणसे, शिस्त आणि हिशेब या चार पायांवर फड उभा असतो. गप्पांनाही आपण फड म्हणतो, ते त्यात कोणीतरी बाजी मारतो म्हणूनच.

लेखणीचा फड

फडांच्या या मोठ्या कुळात सर्वांत मानाचे स्थान मिळाले ते लेखणीच्या फडाला. पुण्यातील पेशव्यांच्या हुजूर दफ्तराच्या अनेक शाखा होत्या आणि त्यांतील एका महत्त्वाच्या शाखेचे नावच 'फड' असे होते. राज्याच्या जमाखर्चाची नोंद, सनदा, हुकूम यांचे काम तेथे चाले. या कामावरचा अधिकारी तो फडणीस किंवा फडणवीस. बाळाजी जनार्दन भानू हे नाव आज किती जणांना चटकन ओळखता येईल, कोण जाणे; पण नाना फडणवीस म्हटले की शाळेतील मूलही मान डोलावते. १७४२ साली साताऱ्यास जन्मलेल्या आणि १८०० साली पुण्यास निवर्तलेल्या या पुरुषाने मराठी राज्याचा गाडा इतकी वर्षे हाकला की त्याच्या पदानेच त्याचे घराण्याचे नाव गिळून टाकले. पुढे हे पद अनेक घराण्यांचे आडनाव झाले आणि २०१४ साली ते आडनाव महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रिपदापर्यंत जाऊन पोहोचले.

येथे शब्दाच्या इतिहासातील एक मौज सांगितली पाहिजे. अनेक अभ्यासकांच्या मते 'फडणवीस' या शब्दातील 'फड' हा आपला मराठी फड नव्हेच. मूळ शब्द फारसीतील 'फर्दनवीस' असा आहे. 'फर्द' म्हणजे कागदाचा सुटा ताव, यादी. आणि 'नवीस' म्हणजे लिहिणारा. हा फर्दनवीस मराठी मुलखात आला, आपल्या लोकांच्या जिभेवर घोळला, आणि कचेरीला आधीपासूनच फड म्हणत असल्यामुळे फडणवीस होऊन स्थिरावला. म्हणजे फडांच्या घरात जो सर्वांत प्रतिष्ठित म्हणून मिरवला, तो मुळात त्या घरात दत्तक आलेला ठरतो. ही फारसी 'फर्द' आपण बाजूला जपून ठेवू. शेवटी तिचे काम पडणार आहे.

टाळमृदंगाचा फड

अकलूजपासून पंढरपूर चाळीसेक किलोमीटरवर आहे. देहूहून निघणारी तुकाराम महाराजांची पालखी इंदापूर, सराटी असे टप्पे घेत नीरा ओलांडते आणि अकलूजला येते. पादुकांना नीरास्नान घडते, अकलूजला गोल रिंगण होते, आणि पुढच्या वाटेवर माळीनगरला उभे रिंगण. तुकारामांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली हा पालखी सोहळा सुरू केला, असे मानतात.

दुरून पाहणाऱ्याला वारी म्हणजे माणसांचा अफाट लोंढा वाटतो. पण त्या लोंढ्याच्या आत एक काटेकोर रचना आहे. वारकरी दिंडीत चालतो, आणि अनेक दिंड्या मिळून एका फडाच्या असतात. वासकर, देहूकर, शिरवळकर, आजरेकर हे फड वारकऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहेत. फडाच्या प्रमुखाला फडकरी म्हणतात. कोणत्या दिवशी कोणाचे कीर्तन, भजन कोणत्या क्रमाने, मुक्काम कोठे, वीणा कोणाच्या गळ्यात, हे सारे फडाच्या परंपरेने ठरते. हातात शस्त्र नसलेल्या आणि कोणाच्या पगारावर नसलेल्या लाखो माणसांना ही शिस्त वाट चालायला लावते. येथे फड म्हणजे पवित्र शब्द. 'आम्ही अमक्या फडाचे' असे म्हणताना वारकऱ्याच्या आवाजात अभिमान असतो.

परंतु या फडालाही समाजाची सावली चुकली नाही. इरावती कर्वे यांनी 'वाटचाल' या लेखात आपल्या वारीचे वर्णन केले आहे. एकाच दिंडीत ब्राह्मण व मराठे यांचे गट एकत्र चालत, एकत्र गात. पण जेवणाची वेळ आली की वेगळे बसत. ही गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली. ज्या विठ्ठलासाठी ही सारी पायपीट, त्याच्या मंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्या बांधवांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण करावे लागले. फड सर्वांना एका वाटेवर आणतो; एका पंगतीला बसविण्याचे काम मात्र माणसांनाच करावे लागते.

ढोलकीचा फड

आता जो फड आवाज खाली आणून विचारला जातो, त्याकडे वळू. तमाशात दोन मोठे प्रकार मानतात. एक संगीत बारी आणि दुसरा ढोलकी फड. संगीत बारीत बैठकीच्या लावणीला प्राधान्य. ढोलकी फडात गण, गवळण, बतावणी, लावणी आणि शेवटी वग अशी रात्रभराची मांडणी. त्यात ढोलक्या, हलगीवाला, तुणतुणेवाला, सुरत्ये, सोंगाड्या, नाचणाऱ्या स्त्रिया आणि या सर्वांचा म्होरक्या तो सरदार. पूर्वी कलगी आणि तुरा या दोन पक्षांच्या फडांत सवाल-जवाब चालत. ज्याला उत्तर सुचले नाही त्याचा फड हरला. 'फड जिंकणे' आणि 'फड मारणे' या वाक्प्रचारांना येथे अक्षरशः अर्थ होता.

सोलापूर जिल्ह्याचे या फडाशी जुने नाते आहे. पेशवाईच्या उत्तरकाळातील शाहीर राम जोशी हे सोलापूरचे. विद्वान ब्राह्मणाच्या घरातील हा मुलगा धोंडी शाहिराच्या फडात रमला आणि घरच्यांचा रोष ओढवून घेतला. त्यांच्या जीवनावर १९४७ साली 'लोकशाहीर राम जोशी' हा चित्रपट निघाला. पुढच्या शतकात अशीच वाट धरणारे दुसरे मोठे नाव म्हणजे पठ्ठे बापूराव. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथे १८६६ साली जन्मलेले श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. कुलकर्णी म्हणजे गावच्या वहीचा धनी, लेखणीच्या फडातला माणूस. तो वही मिटून ढोलकीच्या फडात आला, अस्पृश्य समाजातील पवळाबाईंबरोबर फड उभा केला आणि वाळीत पडला. लेखणी सोडली नव्हती. जन्मभर लावण्याच लिहिल्या. पण त्याच लेखणीला एका फडात मान आणि दुसऱ्या फडात बहिष्कार, हा न्याय आपल्या समाजाने केला.

हा न्याय स्त्रियांच्या बाबतीत अधिकच कठोर होता. विठाबाई नारायणगावकर यांचा जन्म १९३५ साली पंढरपुरात झाला. म्हणजे टाळमृदंगाच्या फडांची जी राजधानी, तेथेच ढोलकीच्या फडाची ही सम्राज्ञी जन्मली. दिवस भरलेले असताना त्या रंगमंचावर उभ्या होत्या, कळा सुरू झाल्या तेव्हा आत जाऊन प्रसूत झाल्या, दगडाने नाळ ठेचून पुन्हा प्रेक्षकांसमोर आल्या, ही हकिकत महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला आणि उतारवयात हलाखीही लाभली. २००२ साली त्या गेल्या. त्यांच्या नावाने आता राज्य शासन तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते.

अकलूजमध्ये १९९० च्या दशकात राज्यस्तरीय लावणी स्पर्धा सुरू झाल्या आणि खेड्यापाड्यांतील, बारीवरील कलावंतांना उजळ माथ्याने मोठ्या मंचावर येता आले. प्रेक्षकांत गावातील स्त्रियाही येऊन बसू लागल्या, ही त्यांतील महत्त्वाची गोष्ट. जो फड विचारताना पुरुष आवाज खाली आणीत, तो घरातील सर्वांसह पाहता येऊ लागला. शब्दाची बदनामी धुवायला शब्दकोश पुरा पडत नाही. अशी समोर येऊन बसलेली माणसे लागतात.

बोलीतला फड

तांबड्या मातीतला फडही या गावाला नवा नाही. १९७६ साली महाराष्ट्र केसरीची स्पर्धा अकलूजला भरली होती आणि हिरामण बनकर यांनी तो मान मिळविला. कुस्त्यांचा फड भरतो, गाजतो, रंगतो. आणि जोडी नीट लागली नाही किंवा भांडण झाले, तर उधळतो. याच मैदानातून फड बोलीभाषेत उतरला. निवडणुकीचा फड, पत्त्यांचा फड, भाषणांचा फड, हे सारे तेथून आले. 'त्यानं फड मारला' म्हणजे परीक्षेपासून पंचायतीपर्यंत कोठेही बाजी मारली. 'फड राखला' म्हणजे ऐनवेळी अब्रू वाचवली. 'त्यांचा फड फुटला' म्हणजे एकत्र असलेली माणसे दोन तोंडांनी बोलू लागली. 'एकाच फडातले' हे स्तुती म्हणून म्हणता येते आणि टोमणा म्हणूनही. सगळे बोलणाऱ्याच्या भुवईवर अवलंबून. आणि 'पोरगं फडाला लागलं' असे एखाद्या आईने सुस्कारा टाकून म्हटले, तर शेजारीण पुढचे काही विचारीत नाही.

लावणीकारांनी तर या शब्दाच्या द्व्यर्थाचा मळाच पिकविला. सुलोचना चव्हाण यांच्या आवाजातील एका गाजलेल्या चित्रपटलावणीत फड म्हणजे ऊस, आणि ऊस म्हणजे ऐन भरात आलेले तारुण्य. उसाला तुरा आला म्हणजे तो पक्व झाला, आता राखण हवी, एवढे शेतकऱ्याचे साधे ज्ञान. पण ढोलकीवर थाप पडली की त्याच ज्ञानाला भलताच रंग चढतो. ती लावणी ऐकून हसणाऱ्या श्रोत्याला मात्र खऱ्या उसाच्या फडात पहाटे काय चालते, याची क्वचितच कल्पना असते.

उसाचा फड

उसाच्या फडाकडे जाण्यापूर्वी वाटेत खानदेशात क्षणभर थांबू. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर कित्येक शतकांपासून 'फड पद्धत' नावाची सिंचनाची रीत चालत आली. नदीवर बंधारा घालायचा, पाटाने पाणी वळवायचे, आणि भिजणाऱ्या शेतीचे सहसा चार फड पाडायचे. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि दरवर्षी पीक पुढच्या फडाला फिरवायचे. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडीथोडी असे. त्यामुळे पाणी फार लागणारे पीक एकट्याच्याच नशिबी नाही आणि कोरडे वर्षही एकट्याच्याच माथी नाही. पाटकरी पाणी देई, जागल्या राखण करी आणि गावचे लोक हिशेब पाहत. पाण्याची वाटणी न्यायाने व्हावी म्हणून माणसांनी स्वतःला घालून घेतलेली ही शिस्त होती. फड या शब्दात न्यायाची ही शक्यता पूर्वीपासून आहे, हे आपण विसरू नये.

अकलूजचा मुलूख मूळचा दुष्काळी माणदेशाच्या शेजारचा. नीरेच्या उजव्या कालव्याचे पाणी माळशिरस तालुक्यात आले आणि जमिनीचा रंग पालटला. सासवडच्या माळी समाजातील शेतकऱ्यांनी १९३० च्या दशकात येथे येऊन माळीनगरचा साखर कारखाना उभारला. शेतकऱ्यांनी स्वतः कारखानदार व्हावे, ही त्या काळी मोठ्या धाडसाची गोष्ट होती. स्वातंत्र्यानंतर सहकाराची लाट आली आणि शंकरराव मोहिते-पाटील यांच्या पुढाकाराने अकलूजला सहकारी साखर कारखाना झाला. कारखान्याबरोबर शाळा, महाविद्यालये, दवाखाने आले. कुस्तीचे मैदान आणि लावणीचा मंच यांनाही बळ मिळाले ते याच गोडव्यातून. अकलूजच्या बाकीच्या फडांच्या मुळाशी असा उसाचा फड आहे.

आणि उसाच्या फडात उभा आहे तो बाहेरगावचा माणूस. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून पावसाळ्यातच 'उचल' घेतलेली असते. ती फेडायची असते. कारखान्याच्या आसपास किंवा शेताकडेला पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोप्या पडतात. पहाटेच्या थंडीत फडाला तोंड लागते. पुरुष ऊस तोडतो, बाई पाचट सोलून मोळ्या बांधते आणि त्या डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत वाहते. कारखान्याचा चिटबॉय पावती फाडतो, गाडी काट्यावर जाते, वजन होते. एक फड संपला की दुसरा. मार्च-एप्रिलपर्यंत हेच चक्र.

वाचकहो, येथे एक साम्य पाहण्यासारखे आहे. तमाशाचा हंगामही दसऱ्यापासून उन्हाळ्यातील जत्रांपर्यंतचाच. तमाशातील कलावंतही फडमालकाकडून 'उचल' घेऊनच हंगामाला बांधला जातो. तोही गावोगाव तंबूत राहतो, आणि त्याची मुलेही त्याच्याबरोबर फिरतात किंवा गावी म्हाताऱ्यांपाशी राहतात. म्हणजे ढोलकीचा फड आणि उसाचा फड एकाच ऋतूत, एकाच कर्जावर, एकाच वाटेने चालतात. शब्द सारखा असण्यामागे केवळ कोशातील व्युत्पत्ती नाही. जगण्याची रीतही सारखी आहे.

मात्र उसाच्या फडाने माणसाला दिलेले नाव विलक्षण आहे. येथे माणसे मोजीत नाहीत, कोयते मोजतात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. जोडीदार नसलेला एकटा माणूस तो अर्धा कोयता. 'त्याच्याकडं वीस कोयते हाईत' असे मुकादमाबद्दल म्हटले, तर ती चाळीस माणसे असतात. आजारपणाने किंवा बाळंतपणाने एखादा दिवस काम बुडाले तर तो 'खाडा', आणि त्या खाड्याचे पैसे कापले जातात. बोलीतील हे शब्द वरवर साधे दिसतात. पण त्यांच्या पोटात माणसाच्या देहाचा हिशेब आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जात असल्याची चर्चा झाली, तेव्हा २०१९ साली शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतील १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. खाडा पडू नये, पाळीच्या दुखण्याने काम बुडू नये, हे त्यामागील एक कारण सांगितले गेले. एका कोयत्याचा अर्धा भाग म्हणून जिची मोजदाद होते, तिने आपल्या शरीराचाही भाग फडाला वाहिला, असे म्हणावे लागते.

फर्द

आता सर्व फड एका ओळीत उभे करून पाहू. लेखणीच्या फडाने माणसाला असे नाव दिले की ते आडनाव होऊन पिढ्यान्‌पिढ्या मानाने चालले. टाळमृदंगाच्या फडाने आपल्या फडकऱ्यांची नावे जपली. कुस्तीच्या फडाने विजेत्याचे नाव फलकावर लिहिले. ढोलकीच्या फडाने नाव दिले खरे, पण त्या नावाला प्रतिष्ठा मिळायला फार उशीर लागला. आणि उसाच्या फडाने माणसाचे नावच घेतले नाही. त्याच्या हातातील हत्याराचे नाव त्याला दिले. वर सांगितलेल्या फडाच्या चार पायांपैकी जागा, माणसे आणि शिस्त ही तिन्ही येथे आहेत. उणीव आहे ती चौथ्या पायाची. हिशेब आहे, पण तो उसाचा आहे. काट्यावरची पावती शेतकऱ्याच्या नावाने निघते, तोडणीचा करार मुकादमाच्या नावाने होतो. कोयत्याच्या दोन्ही अर्ध्या भागांची नावे फडाच्या कागदावर क्वचितच उमटतात. अपघात झाला, साप चावला, बाळंतीण दगावली, तर ही बाई या फडात होती, हे सिद्ध करायलाच कागद सापडत नाही.

आपण बाजूला ठेवलेली 'फर्द' आता पुन्हा हाती घेऊ. हा शब्द मुळात अरबी. त्याचा पहिला अर्थ 'एक', 'एकटा', 'एक व्यक्ती' असा आहे. सुट्या कागदाला तो पुढे लागला, कारण तोही एकटाच असतो. तेव्हा फर्दनवीस म्हणजे सुटा ताव लिहिणारा. आणि शब्दाच्या मुळापर्यंत गेलो तर एकेका माणसाची नोंद करणारा. फड हा समुदायवाचक शब्द आणि फर्द हा व्यक्तिवाचक शब्द. मराठी माणसाने ऐकण्याच्या ओघात हे दोन शब्द एकत्र सांधले. भाषेने नकळत केलेला हा सांधा मला फार अर्थपूर्ण वाटतो. समुदायाचा फड उभा करायचा असेल, तर त्यातील एकेकाची फर्द लिहिली गेली पाहिजे.

ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ स्थापन झाले आहे. २०२१ पासून या कामगारांची गावोगाव नोंदणी करून त्यांना ओळखपत्रे देण्याचे काम शासनाने हाती घेतले. ग्रामसेवकाने लिहून दिलेला तो एक छोटा कागद असतो. त्यावर नाव, गाव, वय आणि छायाचित्र. पेशव्यांच्या दफ्तरातील सनदांपुढे त्याची काय मातब्बरी, असे कोणी म्हणेल. पण ज्या बाईला आजवर अर्धा कोयता म्हणून ओळखले गेले, तिच्या हाती तो कागद पडतो तेव्हा तीनशे वर्षांच्या फडांच्या इतिहासात प्रथमच तिची फर्द लिहिली गेलेली असते. तो कागद प्रत्येकीपर्यंत पोहोचला की नाही, यावरूनच आपल्या काळाच्या फडणिशीची परीक्षा होईल.